चीक पाजतोय तरी वासरं दुसऱ्या आठवड्यात हगवणीने बसतायत? औषध बदलण्याआधी हे तपासा

प्रॉब्लेम ओळखीचाच आहे. वासरू चांगलं ठणठणीत जन्मतं, उठतं, पितं, आठवडाभर उड्या मारतं आणि मग एका सकाळी शेपटी घाण, कान पडलेले, डोळे आत गेलेले. सलाईन होतं, गोळ्या होतात, एखादं वाचतं एखादं जातं, आणि पुढच्या विताला परत तेच. चीक पाजला होता का विचारलं तर सगळे हो म्हणतात आणि खरंच पाजलेला असतो, कुणी खोटं बोलत नाही. पण कधी पाजला, किती पाजला, कसला पाजला आणि त्यातला वासराच्या रक्तात किती पोचला हे कुणी मोजलेलं नसतं, त्यामुळे दोष कधी हवेवर जातो, कधी पावडरीवर, कधी डॉक्टरवर.

माझं म्हणणं एवढंच आहे की आधी मोजा, मग बदल करा.

सुरुवात रक्तापासून, चिकापासून नाही

गाईची वार अशा बांधणीची असते की आईच्या रक्तातल्या अँटीबॉडीज, म्हणजे रोगाशी लढणारी प्रोटीन्स, पोटातल्या वासरापर्यंत जातच नाहीत. माणसाच्या बाळाला त्या नाळेतून मिळतात, वासराला जवळपास काहीच मिळत नाही, ते रोगाशी लढायला रिकाम्या हातानेच बाहेर येतं. म्हणून जे काही मिळणार ते चिकातून, आणि ते मिळालं की नाही हे रक्तात दिसतं. म्हशीच्या पारडाचंही हेच, त्यामुळे खाली वासरू लिहिलंय तिथे पारडू पण धरा.

टेस्ट फार अवघड नाही. पहिला चीक पाजून २४ तास उलटल्यावर आणि वासरू ७ दिवसांचं व्हायच्या आत साध्या नळीत रक्त घ्यायचं, गोठू द्यायचं, वर जे पिवळसर पाणी म्हणजे सिरम सुटतं त्याचा एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे थेंबातलं प्रोटीन दाखवणाऱ्या छोट्या मीटरवर, टाकायचा. रक्त डॉक्टरांकडूनच काढून घ्या. वासरू त्या दिवशी हगवणीत असेल तर आकडा धरू नका, अंगातलं पाणी कमी झालं की सिरम घट्ट होतं आणि प्रोटीन खोटं जास्त दिसतं. कळप मोठा असेल तर डझनभर वासरांचे आकडे काढा, चारच गाई असतील तर येईल त्या प्रत्येक वासराचा.

आकडे असे वाचायचे: सिरममधलं टोटल प्रोटीन ६.२ ग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त म्हणजे उत्तम, ५.८ ते ६.१ चांगलं, ५.१ ते ५.७ जेमतेम, ५.१ च्या खाली म्हणजे चीक लागूच पडला नाही. मीटर ब्रिक्सचा, म्हणजे विरघळलेले घटक टक्क्यांत दाखवणारा, असेल तर हेच टप्पे ९.४, ८.९ आणि ८.१ वर येतात. ही चार पायऱ्यांची पद्धत २०२० मध्ये आली, त्याआधी ५.२ च्या आसपास एकच रेघ होती, वर असलं की पास. त्या एका रेघेमुळे बरेच गोठे स्वतःला पास समजत होते आणि वासरं मात्र आजारी पडत होती. आता कळपातली ४० टक्क्यांहून जास्त वासरं उत्तम गटात आणि १० टक्क्यांहून कमी सगळ्यात खालच्या गटात असावीत असं धरतात.

आता या आकड्यांवरून फाटा फुटतो. बहुतेक वासरांचं रक्त उत्तम किंवा चांगलं आलं आणि तरी हगवण लागतेय, तर चिकाच्या मागे लागू नका, तुमचा घोळ वासरांच्या जागेत, भांड्यांत किंवा गर्दीत आहे, त्याचं खाली लिहिलंय. रक्त कमी आलं तर मग बघायचं की कुणाचं कमी आलं. फक्त रात्री जन्मलेल्यांचं कमी असेल तर वेळेचा प्रॉब्लेम. पहिलारूंच्या वासरांचं कमी असेल तर पोटात गेलेला चीक कमी किंवा वीत अडलेली. सरसकट सगळ्यांचंच कमी असेल तर चिकाचा दर्जा नाहीतर घाण. हा नमुना शोधण्यासाठी वहीत जन्माची वेळ, पहिल्या पाजण्याची वेळ, किती लिटर, कुणी पाजलं आणि चिकाचा ब्रिक्स एवढं लिहिलेलं असावं लागतं, आठवणीवर हे होत नाही, कारण आठवणीत प्रत्येक वासराला "लगेचच" पाजलेलं असतं.

वेळ: बहुतेकांची गाडी इथेच चुकते

जन्मल्यावर वासराच्या लहान आतड्याच्या पेशी अँटीबॉडीचा आख्खा रेणू न पचवता गिळून थेट रक्तात सोडतात. ही सोय तात्पुरती आहे. पहिल्या एक-दोन तासांत ती सगळ्यात जोरात चालते, सहा तासांनी चांगलीच घसरलेली असते, बारा तासांनंतर थोडीच उरते आणि साधारण २४ तासांत बंद. त्यानंतर कितीही भारी चीक पाजला तरी रक्तात जाणार नाही, पोटातच राहील.

आणि दुसरी गोष्ट जास्त वाईट आहे. आतडं ज्या मोकळेपणाने अँटीबॉडी आत घेतं त्याच मोकळेपणाने जंतूही आत जाऊ शकतात. वासरू उठून आधी शेणाने भरलेली कास चाटतं, भिंत चाटतं, ओली जमीन चाटतं, आणि चीक त्यानंतर दोन-तीन तासांनी येतो. म्हणजे पोटात पहिला नंबर ई कोलायचा लागतो.

उशिराचा फटका गाईच्या बाजूनेही बसतो. व्याल्यावर कासेत नवीन अँटीबॉडी येणं थांबलेलं असतं आणि दूध मात्र तयार होत राहतं, त्यामुळे धार जितकी उशिरा तितका चीक पातळ. सहा तास थांबलात तर ताकद लक्षात येण्याइतकी उतरते, दहा-बारा तासांनी तर साधारण चौथा हिस्सा ताकद कमी झालेली असते. रात्री अकराला गाय व्याली आणि सकाळी सहाच्या धारेबरोबर "पहिला चीक" काढला की दोन्हीकडून मार, चीकही हलका आणि आतडंही मिटत आलेलं.

वार पडायची वाट बघायचं काही कारण नाही. वार पडण्याआधी चीक पाजल्याने काही बिघडत नाही, उलट धार काढताना जे ऑक्सिटोसिन हार्मोन सुटतं त्याने गर्भाशय आवळायला मदतच होते.

रात्रीच्या वितांवर उपाय म्हणजे फ्रीझरमध्ये चांगला चीक तयार ठेवणं. दिवसा व्यालेल्या, निरोगी, ब्रिक्स चांगला आलेल्या गाईचा उरलेला चीक एक-दोन लिटरच्या चपट्या पिशव्यांत भरून, वर तारीख, गाईचा नंबर आणि ब्रिक्स लिहून गोठवा. उणे १८ ते २० अंशांवर तो वर्षभर चालतो. वितळवायला कोमट ते गरम पाणी, ५० अंशांच्या वर नको, पिशवी चपटी असली की अर्ध्या तासाच्या आत काम होतं. एकदा वितळवलेला परत गोठवायचा नाही. आणि रात्री कोण उठणार हे आधीच ठरवा, "जो जागा असेल तो" म्हटलं की कुणीच जागं नसतं.

किती: थोडं गणित करा, मग पटेल

नियम सोपा आहे, पहिल्या दोन तासांत शरीरवजनाच्या १० टक्के आणि मग ८ ते १२ तासांनी अजून ५ टक्के. म्हणजे ४० किलोच्या वासराला आधी ४ लिटर, नंतर २ लिटर. २५ किलोचं असेल तर अडीच आणि सव्वा. एवढं पाजल्याने वासरू मरेल अशी भीती खूप जणांना असते, पण पहिल्या पाजण्याला एवढं चालतं, स्वच्छ आणि अंगाच्या तापमानाचा म्हणजे ३८-३९ अंशांचा चीक पाहिजे एवढंच.

का एवढं ते बघा. ४० किलोच्या वासराच्या रक्तातला पातळ भाग साधारण साडेतीन-पावणेचार लिटर धरा. त्यात प्रत्येक लिटरला २५ ग्रॅम आयजीजी म्हणजे मुख्य अँटीबॉडी पाहिजे असेल तर रक्तात ९० ग्रॅमच्या आसपास पोचायला हवी. पण पाजलेल्यातला २५-३० टक्केच भाग रक्तात जातो, तोही सगळं वेळेत झालं तर. म्हणजे पोटात ३०० ग्रॅम जायला हवी. चांगल्या चिकात लिटरला कमीत कमी ५० ग्रॅम असते, तेव्हा ३०० ग्रॅमसाठी ६ लिटर, दोन वेळा मिळून. आता बरेच जण दीड लिटर पाजून थांबतात, ते या हिशोबात कुठे बसतं ते तुम्हीच बघा. चीक दाट असेल तर कमीतही भागतं, पण दाट आहे हे मोजल्याशिवाय कळत नाही.

वासराला आईखाली सोडून दिलं की किती प्यालं हे कुणालाच सांगता येत नाही. लोंबती कास असेल, सड जाड असतील, पहिलारू लाथा मारत असेल, वासरू अशक्त असेल, तर तासभर तोंड मारूनही पोटात अर्धा लिटर जात नाही आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं पितंय मस्त. म्हणून पहिलं पाजणं मोजून, बाटली आणि निपलने. मग आईजवळ ठेवायचं असेल तर ठेवा.

अडलेल्या वितीतलं वासरू हा वेगळाच विषय आहे. ओढून काढलेल्या वासराला ऑक्सिजन कमी पडलेला असतो, रक्त आम्लाकडे गेलेलं असतं, चोखायची इच्छाच नसते, उभं राहायलाही वेळ लागतो. अशाला नाक-तोंड साफ करून, खसाखसा पुसून, छातीवर बसवून, थंडी असेल तर ऊब देऊन आधी जरा सावरू द्या, पण घड्याळ विसरू नका, चार तास "जरा दमलंय, झोपू दे" असं करत गेले की संधी गेली.

बाटलीने पीत नसेल तर अन्ननळीत घालायची फीडर नळी आहे. पण ती ज्याला येते त्याच्याकडून आधी शिकून घ्या, व्हिडिओ बघून पहिला प्रयोग मरायला टेकलेल्या वासरावर नको. वासरू उभं किंवा छातीवर बसलेलं, आडवं कधीच नाही. नाकाच्या टोकापासून कोपरापर्यंत लांबी मोजून नळीवर खूण, नळीचा गोळा ओला करून जिभेवरून हळू, वासराला गिळू द्यायचं, मग मानेच्या डाव्या बाजूला हाताने चाचपून बघायचं, श्वासनळीची कडक कडी वेगळी आणि आपली नळी वेगळी अशा दोन गोष्टी लागल्या पाहिजेत, एकच लागली तर बाहेर काढा. चीक वजनानेच उतरू द्यायचा, दाबायचा नाही, काढताना नळी चिमटीत बंद करून काढायची. नळीने गेलेला चीक आधी मोठ्या पोटात पडतो आणि तिथून पुढे सांडतो, त्यामुळे तीन-चार लिटर असेल तर बाटलीत आणि नळीत फारसा फरक पडत नाही, पण दीड लिटरच असेल तर बराचसा तिथेच अडकून बसतो.

दर्जा: डोळ्याने ठरवू नका

पिवळा, घट्ट, मधासारखा दिसतो म्हणजे भारी, असं नाही. पिवळेपणा कॅरोटीनचा, घट्टपणात फॅटही आलं. ब्रिक्स रिफ्रॅक्टोमीटरवर २२ किंवा जास्त आलं तर लिटरला ५० ग्रॅमचा चीक समजा. मीटर अधूनमधून डिस्टिल्ड वॉटरने शून्यावर आणा. तरंगणारा काचेचा कोलोस्ट्रोमीटर वापरत असाल तर चीक खोलीच्या तापमानाला, २० ते २५ अंशांवर आणूनच बघा, थंड चिकात तो उगाच जास्त दाखवतो.

२२ च्या खाली आला म्हणून फेकायचा नाही, तो दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला वापरा, पहिल्याला फ्रीझरमधला काढा. पहिलारूचा चीक बेकार असतो हे सरसकट खरं नाही, मोजा आणि ठरवा. कासदाह असलेल्या गाईचा, रक्त मिसळलेला किंवा चोथापाणी झालेला चीक मात्र नकोच.

वारंवार कमी येत असेल तर मागे जाऊन बघा. अँटीबॉडी कासेत साठायला विण्याआधीचे शेवटचे चार-पाच आठवडे लागतात, म्हणजे गाय वेळेत आटवली नसेल, भाकड काळ तीन आठवड्यांपेक्षा कमी पडला असेल तर चिकात काय येणार? ४५ ते ६० दिवस मिळायला हवेत. विण्याआधी सडातून गळत असेल किंवा कास दाटली म्हणून आधीच धार काढली असेल तर पहिला माल गेला. पहिल्या धारेला खूप जास्त, आठ-साडेआठ लिटरच्या वर चीक निघत असेल तर तोही बऱ्याचदा पातळ असतो. गाभण गाईला शेवटच्या महिन्या-दोन महिन्यांत कडक उन्हाचा ताण बसला तर तिच्या वासराचं आतडंही अँटीबॉडी कमी घेतं, त्यामुळे उन्हाळ्यात आकडे पडत असतील तर भाकड गाईंच्या सावलीकडे आणि पाण्याकडे लक्ष द्या, सहसा सगळे पंखे दुभत्या गाईंवर असतात आणि भाकड कुठेतरी मागे उन्हात.

हगवणीविरुद्ध रोटा आणि कोरोना हे विषाणू आणि ई कोलाय यांची लस गाभण गाईला देतात, वेळ लसीनुसार बदलते, डॉक्टरांना विचारा. पण लस गाईत अँटीबॉडी बनवते, वासरात नाही. वासरापर्यंत ती चिकातूनच जाणार, त्यामुळे लस देऊन चीक उशिरा पाजला तर काही हाती लागत नाही.

पाच-सहा गाईंचा चीक एकत्र करून सगळ्यांना वाटणं बंद करा. जास्त दूधवाल्या गाईचा पातळ चीक बाकीच्यांचाही बिघडवतो, आणि एखाद्या गाईला जोन्स हा आतड्याचा चिवट रोग असेल तर तो एकाच बादलीतून सगळ्यांना जातो.

सगळं बरोबर करूनही रक्त कमी येतंय?

वेळ ठीक, लिटर ठीक, ब्रिक्स २५, आणि तरी सिरम पडलेलं, असं असेल तर बाटलीवर संशय घ्या. जंतू आतड्यात अँटीबॉडीला चिकटतात, पेशींवर जागा अडवतात आणि शोषण कमी करतात. चिकाचं कल्चर, म्हणजे लॅबमध्ये जंतू मोजायची टेस्ट, करायचं तर सॅम्पल सडातून घेऊ नका, निपलमधून घ्या, वासराच्या तोंडात जे जातंय ते. एका मिलिलिटरला एकूण जंतू १ लाखाच्या आत आणि कोलिफॉर्म म्हणजे शेणातून येणारे जंतू १० हजारांच्या आत पाहिजेत. उघड्या बादलीत दोन तास ठेवलेला चीक यात बसणं कठीण.

धुण्याची पद्धत: आधी कोमट पाण्याने विसळा, एकदम उकळतं पाणी ओतलं की प्रोटीन भांड्याला चिकटून बसतं, मग गरम पाणी, साबण आणि ब्रश, मग जंतुनाशक, मग पालथं घालून पूर्ण सुकवा. तडे गेलेला निपल आणि खरवडलेली नळी सरळ फेका. आजारी वासराची नळी आणि चिकाची नळी एक असेल तर मग बोलायलाच नको. लगेच पाजणार नसाल तर चीक तासाभरात थंड करा, फ्रीजमध्ये ४ अंशांवर एक-दोन दिवस राहतो. पाश्चराइज करायचा असेल तर ६० अंशांवर ६० मिनिटं, उकळायचा नाही, उकळला की फाटतो आणि अँटीबॉडी संपतात.

पहिल्या दिवसानंतर

रक्तात जाणं बंद झालं म्हणून दुसऱ्या दिवसापासून पावडर सुरू, ही घाई नको. पुढच्या तीन-चार दिवसांच्या धारांमध्येही अँटीबॉडी असतात आणि त्या आतड्याच्या आतूनच जंतूंना अडवतात, शिवाय फॅट, अ जीवनसत्त्व, आतड्याची वाढ करणारे घटक साध्या दुधापेक्षा जास्त. विकायला येत नाही ते दूध आहे, वासरालाच जाऊ दे.

रक्त चांगलं आणि तरी हगवण

मग वय बघा. पहिल्या तीन-चार दिवसांत असेल तर ई कोलायकडे संशय, साधारण पाच ते चौदा दिवसांत रोटा, कोरोना आणि क्रिप्टो हा परजीवी, तीन आठवड्यांनंतर कॉक्सिडिया, तोही परजीवीच. शेणाचं सॅम्पल लॅबला द्या, कारण रोटा, कोरोना आणि क्रिप्टोवर नेहमीच्या अँटिबायोटिकचा परिणाम होत नाही आणि आपण तेच ठोकत राहतो. वासराला इलेक्ट्रोलाइट द्या, दूध तोडू नका, दोन्हीमध्ये अंतर ठेवा. चोखत नसेल, उठत नसेल, तोंड आतून गार लागत असेल तर डॉक्टर लगेच, सकाळपर्यंत थांबू नका. विण्याची जागा कोरडी आहे का, मोठी आणि लहान वासरं एकत्र कोंबलीत का, पाजणारा माणूस आधी आजारी वासरांकडे जाऊन मग तान्ह्यांकडे येतो का, हे बघा, क्रम उलटा हवा.

आकडा कमी आलेलं वासरू समोर उभं आहे, त्याचं काय

२४ तास उलटले असतील तर चिकाने रक्तातली कमी भरून निघणार नाही. डॉक्टर प्लाझ्मा म्हणजे रक्तातला पातळ भाग चढवू शकतात, खर्चिक आहे, मौल्यवान वासरू असेल तर विचारा. नाहीतर त्याला वेगळ्या कोरड्या जागेत ठेवा, भरपूर गादी, दूध कमी करू नका, फ्रीझरमधला चीक असेल तर रोजच्या दुधात थोडा मिसळत राहा, आतड्यापुरतं काम करतो. बेंबी ७ टक्के टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवलेली नसेल तर लगेच बुडवा. पुढचे तीन आठवडे रोज ताप, बेंबीची सूज आणि गुडघ्याचे-कोपराचे सांधे हाताने चाचपा, अशा वासरांत हगवणीइतकाच सांधे पिकण्याचा आणि निमोनियाचा धोका असतो आणि सांधा सुजलेला दिसेपर्यंत वासरू नुसतं "जरा लंगडतंय" एवढंच वाटत असतं.